आयर्लंडचं स्थळ

यवतच्या कोंडिबा मामांनी आजवर किती लग्नं जमवली हे कुणी मोजलेलं नाही, आणि त्यातली किती सुखाची झाली हे विचारायचं नसतं. भीमेच्या दोन्ही काठांना, दौंडात आणि शिरुरात, ज्या घरात लग्नाचं पोर आहे त्या घरात मामांचा चहा झालेलाच असतो. या कामाचे ते पैसे घेत नाहीत. मान घेतात, टॉवेल-टोपी घेतात आणि पंगतीत आग्रहाचं वाढप घेतात. दिवसभर पारावर बसून राहणाऱ्या एका रिकामटेकड्याला त्यांनी 'जनसंपर्क दांडगा आहे' म्हणून खपवला होता, आणि तो आज दोन मुलांचा बाप आहे. अजून पारावरच बसतो.

मामांचा सगळा भर घरावर. मुलगा-मुलगी काय, नंतर एकमेकांना आयुष्यभर बघतच बसतात. पाहुणा उंबऱ्यावर आला की आधी घर बघतो, तेव्हा घर दाखवता आलं पाहिजे. आणि घर दाखवायचं म्हटलं की उसनंपासनं आलंच. त्यात कुणाला लाज वाटायचं कारण नव्हतं. आज तुमचा सोफा माझ्याकडे, उद्या माझी गाय तुमच्या दारात.

अशा माणसाची भाची म्हणजे सृष्टी. धाकटी बहीण अंजना हिची मुलगी. अंजनाला नदीपलीकडे मांडवगण फराट्याला दिलेली. नवरा बाळासो दीड एकरात शेवंती आणि वांगी करायचा. स्वभावानं इतका शांत की वांग्याचा भाव पडला तरी वांग्यांनाच वाईट वाटेल. सृष्टी मात्र कुणावर गेली होती देव जाणे. शिरूरला बारावी केली, नंतर वर्षभर घरी बसून मोबाइलवर जगभरची कॉलेजं धुंडाळली, आणि एक दिवस जाहीर केलं की आयर्लंडच्या एका विद्यापीठानं तिला मातीचं शास्त्र शिकायला घेतलंय. फी ऐकून मामांनी टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली.

"शिष्यवृत्ती शोधतेय मी," सृष्टी म्हणाली.

ओट्यावर बसून ती एकेक वाचून दाखवायची आणि मामा चहा पीत ऐकायचे.

"ही फक्त डावखुऱ्यांसाठी आहे."

"मग हो की डावखुरी. आजपास्नं डाव्या हातानं लिव्ह."

"ही उंच मुलांसाठी."

"ती ऱ्हाऊ दे. तुझा बाप शेवंतीत उभा राह्यला तर दिसत न्हाई."

"या शिष्यवृत्तीला आजोबा कोळशाच्या खाणीत कामाला असले पाहिजेत."

"आजोबा वारलं की गं," मामा हळहळले. "आता कुठं धाडायचं त्यास्नी खाणीत?"

पण ऐकता ऐकता मामांचे डोळे चमकायला लागले. वय इतकं हवं, उंची इतकी हवी, शिक्षण अमुक, घरचं उत्पन्न तमुक, सोबत अलीकडचा फोटो. वर अपेक्षा. हे त्यांच्या खिशातल्या बायोडेट्यांसारखंच होतं की!

"अगं, ही तर स्थळं हायती!" मामा मांडीवर थाप मारून ओरडले. "एवढा येळ सांगितलं का न्हाईस? हे माझंच काम हाय."

सृष्टी हसली आणि तिनं ते हसण्यावारी नेलं. इथंच तिचं चुकलं.

नकार येत गेले. प्रत्येक नकाराला मामा भाचीच्या पाठीवर हात ठेवून सांगायचे की मनावर घेऊ नको, त्यांच्यातच काहीतरी खोट असंल. शेवटी एकच जागा उरली. पुण्याचा एक ट्रस्ट होता, चारी वर्षांचा सगळा खर्च देणारा. त्यांनी सृष्टीचा अर्ज पुढे घेतला होता आणि त्यांची बाई घरी येऊन बघून जाणार होती. हे जमलं तर आयर्लंड. नाही जमलं तर तिथली जागा दुसऱ्या कुणाला जाणार, आणि सृष्टीनं शेवंती तोडायची. सृष्टी वरवर काही बोलायची नाही, पण गेले काही दिवस तिला भाकरी गिळवत नव्हती. ते मामांना दिसत होतं.

बाई यायच्या होत्या पुढच्या आठवड्यात. पण सृष्टी इंग्रजीच्या परीक्षेला पुण्याला मैत्रिणीकडे गेली आणि त्याच संध्याकाळी अंजनाच्या फोनवर फोन आला. बाईंना उद्या त्याच बाजूला काम आहे, तर उद्याच दुपारी दोनच्या सुमारास येऊन जातील. सृष्टीचा फोन लागेना. अंजनानं घाबरून भावाला लावला.

मामा उजाडायच्या आत मोटरसायकलवर हजर.

घर कसं होतं? दोन खोल्या, वर पत्रा, एका भिंतीला गिलावा आणि बाकी तिन्हींना तो व्हायचाय. मामांनी कमरेवर हात ठेवून पाहणी केली आणि नाक मुरडलं.

"दादा, अरं, आपुन मदत मागतोय," अंजना म्हणाली. "घर हाय तसं दावलं तर न्हाई का चालायचं?"

"येडी का खुळी? मदत बी घर बघूनच देत्यात. ज्याच्या घरात कायबी न्हाई त्याला हनुमंत शेजारी वाटीभर साखर तरी देतो का? आन् ज्याच्या दारात गाडी हाय त्याला पतसंस्था घरी येऊन इचारती."

बाळासोला काहीतरी म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं, मामांकडं बघितलं आणि वांग्यांना पाणी द्यायला गेला.

मग जे सुरू झालं ते बघायला गाव लोटलं. घरातलं होतं नव्हतं ते सगळं मागच्या गोठ्यात टाकलं. बाज, पत्र्याची पेटी, गोधड्या, आणि सृष्टीचं टेबल, जे भाजीच्या क्रेटांवर फळी टाकून केलेलं होतं. हनुमंताच्या नव्या बंगल्यातला मखमली सोफा आला. साळूबाईंचा दोन दारांचा फ्रिज आला. हा फ्रिज इतक्या बघण्यांना गेलेला की त्याच्या जोरावर गावातल्या तीन मुलींची लग्नं जमली होती, आणि साळूबाई त्याला हळदीकुंकू लावूनच पाठवायच्या. उपसरपंच विक्रमची पांढरी गाडी दारात लागली. दगडोबाच्या चार जर्सी गाई अंगणात बांधल्या. शिरूरच्या एका दुकानदाराकडून बंद पडलेला एसी आला, तो सुतळीनं खिळ्याला टांगला. दोन माणसांनी लांबून बघितलं आणि सांगितलं की लय भारी दिसतोय, फक्त कुणी खाली बसू नका.

"आता ध्यानात ठिवा," मामांनी जमलेल्यांना दम भरला. "बाईनं कायबी इचारलं तर एकच उत्तर. बाळासोचंच हाय. मी जरी मधी काय बोललो तरी ऐकायचं न्हाई, बोलता बोलता माझी जीभ घसरती. बाळासोचंच हाय!"

"बाळासोचंच हाय!" गाव एका सुरात म्हणालं.

ट्रस्टच्या अनिता मॅडम आल्या त्या चक्क एसटीनं, आणि फाट्यापासून चालत. साधी सुती साडी, खांद्याला शबनम. मामांना जरा शंका आली. एवढ्या मोठ्या ठिकाणचे पाहुणे आणि एसटीनं? पण त्यांनी तोंडभर हसून स्वागत केलं आणि त्यांना सोफ्यावर बसवलं. सोफ्यात त्या इतक्या खोल गेल्या की चहाचा कप धरायला त्यांना दोनदा उठावं लागलं.

"फार उकडतंय हो," मॅडम कपाळ पुसत म्हणाल्या आणि वर बघितलं. "एसी लावता का जरा?"

"आमाला गार सोसत न्हाई," मामा म्हणाले. "नुस्ता बघून बी गार वाटतं आमाला."

मॅडमनी घराकडं, फ्रिजकडं, दारातल्या गाडीकडं पुन्हा एकदा बघितलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत होतं. मामांना वाटलं, बाई दिपल्या.

"हे सगळं तुमचं?" त्यांनी बाळासोला विचारलं.

बाळासोनं अंगठ्यानं जमीन उकरली. दारातून, खिडकीतून आणि गाईंच्या मागून आवाज आला, "बाळासोचंच हाय!"

तेवढ्यात सृष्टी पोचली. सकाळची परीक्षा झाली होती, परतीच्या एसटीत फोन लागला होता, आणि फाट्यावरून ती पळतच आली होती. अंगणात चार गाई बघून तिला क्षणभर वाटलं की आपण घर चुकलो. मग आतला सोफा दिसला. मग एसी. मग मॅडम. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं मामांचा हात धरला आणि त्यांना ओढत घराच्या मागं नेलं.

"मामा, हे काय केलंत?"

"काय केलं? स्थळ जमवलं! बाई गार झाली बघ."

"मामा, ती शिष्यवृत्ती ज्यांना परवडत नाही त्यांनाच देतात! आपल्याकडं काही नाही, हेच बघायला आल्यात त्या!"

आयुष्यात पहिल्यांदा मामांसमोर असा पाहुणा आला होता, जो रिकामं घर बघायला आला होता. सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते बाहीनं पुसत होती, आणि ही पोरगी पाय मोडला तेव्हाही रडली नव्हती. मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. हे आपणच केलं, आपल्या हातानं. तिच्या आयुष्याचं एक स्थळ होतं, आणि आपण त्याला गाडी दाखवली.

"थांब," ते म्हणाले आणि आत शिरले.

"बाई," मामा हात जोडून म्हणाले, "ह्यातलं कायबी आमचं न्हाई. समदं उसनं हाय. हा सोफा ह्या हनुमंताचा."

मग हनुमंत खिडकीतून मामांना डोळा मारून म्हणाला, "काय बोलताय मामा? बाळासोचाच हाय!"

"आरं, न्हाई रं! तुझाच हाय! साळूबाई, फ्रिज कुणाचा?"

"बाळासोचाच हाय!" साळूबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्या जरा जास्तच ठासून बोलल्या.

"विक्रम, गाडी तुझी का न्हाई?"

"मामांची जीभ घसरती," विक्रमनं मॅडमना समजावलं. "तुम्ही मनावर घेऊ नका. बाळासोचीच हाय."

मामा डोकं धरून बसले. गावाला आजवर कधी एकमतानं गटार बांधता आलं नव्हतं, ते गाव आज भिंतीसारखं उभं होतं. अनिता मॅडमनी शबनम उचलून खांद्याला अडकवली आणि सोफ्यातून वर यायची धडपड सुरू केली. सृष्टी दारात उभी होती.

मामा उठले. घसा खाकरला. मग लग्नाच्या मांडवात माईकवर बोलतात त्या आवाजात, खणखणीतपणे म्हणाले, "मंडळी, लक्ष द्या! आमचे दाजी बाळासो यांजकडून, गावच्या शाळेस, हा मखमली सोफा सप्रेम भेट!"

सप्रेम भेट हे शब्द कानी पडले की टाळ्या वाजवायच्या, ही गावाच्या हाताची सवय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हनुमंतानंही वाजवल्या. मग त्याचे हात मध्येच थांबले.

"दाजी बाळासो यांजकडून, अंगणवाडीच्या लेकरांस, दोन दारांचा फ्रिज सप्रेम भेट!"

"अगं बया!" साळूबाई किंचाळल्या.

"आन् ग्रामपंचायतीस, गावचा कचरा न्यायला, ही पांढरी गाडी सप्रेम भेट! उचला रं पोरांनो, चाव्या आणा!"

"ओ मामा!" विक्रम खिडकीतूनच आत उडी मारून आला. "गाडी माझी हाय! हप्तं मी भरतोय! कचरा काय?"

"सोफा माझा हाय, कव्हरबी काढलं न्हाई अजून," हनुमंत ओरडला. साळूबाईंनी तर फ्रिजला मिठीच मारली. तिकडं दगडोबानं पुढची घोषणा व्हायची वाटच बघितली नाही. धारेची वेळ झाली असं पुटपुटत त्यानं चारी गाई सोडल्या आणि भर दुपारी पळवत नेल्या. या सगळ्या दणक्यात सुतळी तुटली आणि एसी नेमका सोफ्यावर, मॅडमच्या शेजारी येऊन आरामात बसला.

अनिता मॅडम आधी दचकल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्या इतक्या हसल्या की अंजनानं पळत जाऊन पाणी आणलं.

"मामा," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तुमचं खरं घर कुठंय, ते दाखवा आता."

खरं घर गोठ्यात होतं. मॅडम बाजेवर बसल्या. त्यांनी क्रेटांचं टेबल बघितलं, फळीवर मांडलेल्या काचेच्या बाटल्या बघितल्या. प्रत्येक बाटलीत वेगवेगळ्या शेतातली माती आणि पाणी, वर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. उसाला पाणी पाजून पाजून नदीकाठची रानं कशी क्षारानं पांढरी पडत चाललीत, ते सृष्टी सांगायला लागली. आधी अडखळत, मग भरभर. इंग्रजीत सुरू झाली, मग तावातावानं मराठीत आली, आणि शेवटी तिला कुणी ऐकतंय याचंही भान राहिलं नाही. बाळासो बाजूला उभा होता. आपली मुलगी कशाच्या मागं आहे, हे त्याला त्या दिवशी बहुधा पहिल्यांदाच पुरतं कळलं. तो तिच्याकडं एकटक बघत होता.

मग मॅडम मामांकडं वळल्या. "तुम्ही एवढी लग्नं जमवता म्हणे. मुलींबद्दल बोलायची तुम्हाला सवय आहे. हिच्याबद्दल सांगा बरं. खरं तेवढंच."

मामांच्या तोंडात शेकडो मुलींची स्तुती तयार होती. गरीब गाय, कामाला वाघ, मोठ्यांचा मान राखणारी. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातलं काहीच या मुलीला लागू पडेना.

"हट्टी हाय," ते अखेर म्हणाले. "उलट बोलती. भाकरी गोल व्हत न्हाई तिची. गेल्या साली मीच तिला शिरूरचं एक चांगलं स्थळ आणलं व्हतं, तर हिनं पाव्हण्यास्नी इचारलं, तुमच्या हिरीच्या पाण्यात क्षार किती? पाव्हणं चहा बी न घेता गेलं." ते थांबले. "बाई, कुणाचं स्थळ मोडलं तर मी दुसऱ्या दिवशी दुसरं आणतो. माझा धंदाच हाय तो. पर हिला पायजे ते स्थळ आणायला मला येत न्हाई. मी आणलं तर काय व्हतं ते बघितलंत तुम्ही. तवा माझ्या येडेपणावर हिला मोडू नका."

मॅडम उठल्या, त्यांनी सृष्टीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. कळवते मी."

झालं! मामा मटकन खाली बसले. बाकीच्यांना काय कळणार, पण त्यांची उभी हयात या शब्दांत गेली होती. 'छान आहे, बघू' म्हणजे नकार. 'पत्रिका बघतो' म्हणजे नकार. आणि 'घरी जाऊन कळवतो' म्हणजे नकार तर आहेच, शिवाय परत फोनही करू नका.

त्या दिवसापासून मामांनी लग्नाच्या कामात लक्षच घातलं नाही. केडगावचं जमत आलेलं एक लग्न हुंड्यावरून नाही, भांडणावरून नाही, नुसत्या मामांच्या गैरहजेरीनं लटकलं. मामा मात्र यवतच्या हमरस्त्यावर उभे राहून भाचीसाठी दुसरी शिष्यवृत्ती शोधत होते. ढाब्यावर जेवायला थांबलेल्या प्रत्येक बऱ्या कपड्यातल्या माणसापाशी जायचे आणि अदबीनं विचारायचे, "साहेब, तुमच्याकडं शिष्यवृत्ती हाय का हो? पोरगी चांगली हाय आमची." एका ट्रकवाल्यानं त्यांना कळवळून अर्धी भाकरी दिली.

जून सरताना, मामा असेच एका प्रवाशाला गाठून उभे असताना, सृष्टीचा फोन आला.

"मामा! झालं! ट्रस्टनं निवडलं मला. चारी वर्षं, सगळा खर्च!"

मामांनी फोन कानापासून लांब धरून बघितला आणि परत कानाला लावला.

"मामा, ऐकताय ना?"

"त्या बाईनं कळवलं?"

"हो. स्वतः फोन केला त्यांनी."

"कळवते म्हणली, आन् खरंच कळवलं?"

एवढ्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. मामांनी त्या अनोळखी प्रवाशाला कडकडून मिठी मारली, ढाब्यावरून पेढे घेतले, आणि मोटरसायकल दामटत पूल ओलांडून मांडवगणला पोचले. घरात गर्दी उसळली होती. हनुमंत आणि साळूबाई सगळं विसरून सर्वांत पुढं होते. विक्रमनं अभिनंदनाचा फ्लेक्स छापायला टाकलाही होता, त्यावर त्याचा स्वतःचा फोटो सृष्टीपेक्षा मोठा होता. मामा सगळ्यांना पेढे भरवत, हे स्थळ आपण कसं जमवलं ते सांगत सुटले.

मग सृष्टी पाया पडायला वाकली. मामांनी आशीर्वादाला हात उचलला, आणि तो हवेतच राहिला.

होकार आला म्हणजे पोरगी जाणार.

इतकी लग्नं जमवली, पण होकारापाशी मामांचं काम संपायचं. पुढं पोरगी निघताना घरात जी रडारड होते, त्या वेळी ते पंगतीत असायचे. सख्ख्या बहिणीच्या पाठवणीलाही ते मांडवामागं आचाऱ्याशी भांडत होते. पोरगी जाते म्हणजे काय होतं, ते त्यांनी कधी जवळून बघितलंच नव्हतं. आणि ही तर नदीपलीकडे नाही, समुद्रापलीकडे निघाली होती.

मामांनी भाचीला जवळ ओढलं आणि भर गर्दीत, लहान पोरासारखा भोकाड पसरला.

"मामा, असं काय करताय?" सृष्टी हसत, रडत त्यांची पाठ थोपटत होती. "चार वर्षांनी येतेच की मी."

"समद्या पोरी असंच म्हणत्यात," मामा हुंदक्यातून म्हणाले. "तुझी आई बी हळदीच्या दिवशी असंच म्हणली व्हती."

अंजनानं पदरानं डोळे पुसले, भावाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेली.